एकही नग फुटलेला नाही

सदर इसमाचे वय वर्षे अडुसष्ट, उंची मध्यम, बांधा सडपातळ. ओळखीची खूण : उजव्या कानामागे सदैव अडकवलेला सुतळीचा तुकडा. व्यवसाय : काचसामानाच्या वखारीत बांधणीकार, सेवाकाल एकतीस वर्षे, हल्ली निवृत्त. सदर इसमाने आपल्या सेवाकालात पेले, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या, आरसे व एका प्रसंगी शाळेच्या प्रयोगशाळेचा मानवी सांगाडा अशा असंख्य वस्तू पेंढ्यात बांधून दूरदूरच्या गावी रवाना केल्या असून त्यांपैकी एकही नग फुटल्याची तक्रार आलेली नाही. तसेच सदर इसम गेली बावीस वर्षे आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळच्या देखाव्याची मांडणी व बांधणी विनामोबदला करीत असून त्या कामीही एकही नग फुटलेला, हरवलेला अथवा गहाळ झालेला नाही. सबब मंडळीच्या वतीने त्यांस हे गौरवपत्र सादर करण्यात येत आहे.

चोवीस डिसेंबरच्या दुपारी तीन वाजता बाळ येशू सापडत नव्हता.

गौरवपत्राचा मसुदा माझा. मी पाणीपुरवठा कार्यालयात नोटिसा लिहितो. नळ बंद होणार आहे हे तीन ओळींत सांगता येतं. ते मी एका पानात सांगतो आणि त्याबद्दल मला बढती मिळालेली आहे. 'सबब' हा शब्द हाताशी आला की माझं भान सुटतं. लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो दोनदा आला होता. ते पत्र ती अजून पाहुण्यांना वाचून दाखवते. मंडळीचा चिटणीसही मीच आहे. चिटणिसाची निवड झाली त्या दिवशी मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता.

आणि सदर इसम हे माझे सासरे. मंडळीत त्यांना सगळे पेंढामामा म्हणतात. मी नुसतं मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि त्यातला 'बापू' असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला माझी दया यावी.

मामांचं काम मी एकदाच पाहिलं, लग्न ठरलं तेव्हा. वखारीत गेलो तर ते जमिनीवर उकिडवे बसून एका लाकडी खोक्यात सहा पेले बसवत होते. तळाला पेंढा, पेल्याच्या पोटात पेंढा, पेल्यापेल्यांमध्ये पेंढा, वर पेंढा, मग फळी, मग सुतळी, मग त्यांची ती गाठ. ती गाठ त्यांच्याशिवाय कुणालाही पटकन सुटत नाही. सगळं झाल्यावर त्यांनी खोकं उचलून कानाशी धरलं आणि खुळखुळ्यासारखं हलवलं. डोळे मिटून ऐकलं. खाली ठेवलं.

"काय ऐकलंत?" मी विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. "काही ऐकू आलं असतं तर पुन्हा उघडलं असतं. जे वाजतं ते फुटतं, जावईबापू."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेतलेलं वाक्य पुन्हा समजून घ्यायची गरज नसते, असा माझा तेव्हा समज होता. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

मामांचा दुसरा गुण म्हणजे त्यांना काही देता येत नसे. म्हणजे ते द्यायचे भरपूर. घ्यायचे नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही त्यांना स्वेटर दिला. त्याच संध्याकाळी सहा वाजता दाराची कडी वाजली; मामा बाहेर उभे, हातात नवीकोरी छत्री. "रिकाम्या हातानं कसं यायचं," म्हणाले. दुसऱ्या वर्षी आम्ही मफलर दिला, तर संध्याकाळी सहाला टेबलाचा दिवा. तिसऱ्या वर्षी मी डोकं लढवलं. दुकानं बंद होईपर्यंत थांबलो आणि मग जाऊन त्यांना बुटांचा जोड दिला. आता बघू कुठून आणतात. मामांनी बूट घालून बघितले, मान हलवली, आणि हातातलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. तेव्हापासून घड्याळ माझ्याकडे आहे आणि वेळ विचारायला मामा माझ्याकडे येतात. या लढाईत कोण जिंकलं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सासूबाईंचं मत सरळ होतं. "ह्यांना वाटतं, घेतलं की माणूस खाली येतो," त्या म्हणायच्या. "चाळीस वर्षं संसार केला. माझ्या हातचा चहा घेतला की कप स्वतः विसळून ठेवतात. मी काय कप विसळते म्हणून चिडेन?"

अशा माणसाला नाताळ जड जाणारच. आमचे पाळक दर नाताळला एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगतात. देवानं जगाला आपला पुत्र दिला; आपण तो मिळवला नाही, आपली लायकी नव्हती, आणि त्याची परतफेड आपल्याला करता येणार नाही. बाकीची मंडळी हे ऐकून डोळे पुसायची. मामा अस्वस्थ व्हायचे. एका वर्षी उपासनेनंतर चहाच्या वेळी त्यांनी पाळकांना कोपऱ्यात गाठलं. मी बिस्किटांची बशी धरून शेजारी उभा होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पाळकसाहेब, रागावणार नसाल तर एक विचारतो."

"विचारा की."

"एवढा नाजूक नग. एकुलता एक. दुसरा बनवता येणार नाही असा. आणि बांधणी कसली, तर कापडाचा एक पदर आणि खाली गवत. ते पण गुरांचं, उष्टं. चारही बाजू मोकळ्या. झाकण नाही. माझ्या वखारीत कुणी अशी बांधणी केली असती तर त्याला मी दुसऱ्या दिवशी उभा केला नसता."

पाळक हसले. ते तरुण आहेत, पण घाईनं उत्तर देत नाहीत. चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, "झाकण लावलं असतं, मामा, तर मेंढपाळांनी बघितलं काय असतं?"

"बघितलं असतं ना. सावकाश उघडून."

"तुमची गाठ त्यांना सुटली असती?"

मामांनी कानामागची सुतळी चाचपली. मग म्हणाले, "आणि परतफेड करता येत नाही म्हणता, तेही मला पटत नाही. जे परत देता येत नाही ते घ्यावं कशाला माणसानं? घेतल्यावर भीती नाही का वाटत?"

"कसली?"

"हातून पडेल ही."

पाळकांनी बशीतलं एक बिस्किट उचललं आणि अर्धं मोडून मामांपुढे धरलं. मामांनी खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून पाळकांच्या हातावर ठेवली, आणि मगच ते अर्धं बिस्किट घेतलं.

यंदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलंय. पण घरात सगळे बारकी म्हणतात, कारण ती आहेच तेवढी. सासूबाई आल्या, त्यांनी उचलून घेतलं. शेजारीण आली, तिनं घेतलं. दूधवाल्यानंसुद्धा हात पुसून घेतलं. मामा आले, चार पावलांवर उभे राहिले आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिले.

"घ्या ना, बाबा," बायको म्हणाली.

"हात गार आहेत माझे."

दुसऱ्या दिवशी त्यांना खोकला होता. तिसऱ्या दिवशी ते नुकतेच पेंढ्यात हात घालून आले होते. चौथ्या दिवशी ती झोपलेली होती, पाचव्या दिवशी जागी होती. सात आठवडे झाले, मामांनी बारकीला हात लावला नाही. आले की चार पावलांवर खुर्ची ओढून बसायचे, उजवा हात कोटाच्या खिशात घालून.

मी निरीक्षण करणारा माणूस. मी या विषयावर बराच विचार केला आणि एक निष्कर्ष काढला : मामांना नातू हवा होता. मग तो खोडून दुसरा काढला : बारकी माझ्यावर गेली आहे, आणि ते त्यांना सहन होत नाही. हा निष्कर्ष मला जास्त पटला. बायकोला सांगितला तर ती म्हणाली, "तुम्ही ना, नोटिसाच लिहा."

उजवा हात खिशात का, हा प्रश्न मला पडला नाही. थंडीचे दिवस होते.

आता देखाव्याकडे वळतो. आमच्या देखाव्यात लहानमोठे चौदा नग आहेत. मरिया, योसेफ, तीन मागी म्हणजे पूर्वेचे ज्ञानी लोक, दोन मेंढपाळ, एक देवदूत, गाय, गाढव, तीन मेंढरं, आणि बाळ येशू. सगळे कागदाच्या लगद्याचे, वरून रंग दिलेले. कुणी आणि कधी केले ते आता कुणाला ठाऊक नाही. बाळ येशू वीतभर लांबीचा, हातात घेतला तर पाखराएवढा हलका. आमच्याकडे पद्धत अशी की देखावा आठवडाभर आधी मांडायचा, पण गव्हाणी रिकामी ठेवायची. नाताळच्या सकाळी उपासना सुरू होताना पाळक बाळ येशूला आणून गव्हाणीत ठेवतात. त्यामुळे चोवीस तारखेपर्यंत बाळाची आठवण कुणालाच होत नाही. पाळकांना हे प्रवचनात वापरायला सोयीचं पडतं.

दरवर्षी मामा स्वतः देखाव्याच्या सामानाची खोली उघडून, खोकी उतरवून सगळं मांडायचे. या वर्षी मी म्हटलं, त्यांचे श्रम वाचवू. शिवाय गौरवपत्र द्यायचंच होतं, तर सत्कारमूर्तीनं धूळ कशाला खायची? एकोणीस तारखेला मी किल्ली मागून घेतली. मामांनी ती इतकी पटकन दिली की मला आश्चर्य वाटायला हवं होतं.

मी पद्धतशीर माणूस. सगळी खोकी खाली उतरवली, उघडली, नग बाहेर काढले आणि यादी केली. वरच्या फळीवर सहा लहान खोकी होती. प्रत्येक उघडत बसण्यात काय अर्थ? मी एकेक उचलून कानाशी धरलं आणि हलवलं. अगदी मामांसारखं, डोळे मिटून. एकातूनही आवाज आला नाही. यादीत लिहिलं : 'रिकामी खोकी, नग सहा.' त्यातल्या एकाला सुतळी बांधलेली होती. रिकाम्या खोक्यालाही गाठ मारून ठेवणारा माणूस, असं म्हणत मी मनातल्या मनात मामांच्या टापटिपीला नमस्कार केला. मग ती सहाही खोकी नेऊन मेंढपाळांसाठी डोंगर रचला, वर गोणपाट टाकलं, गोणपाटावर मेंढरं उभी केली. डोंगर इतका छान झाला की मी पाळकांना मुद्दाम बोलावून दाखवला. किल्ली मामांना परत केली.

चोवीस तारखेला दुपारी दोन वाजता मामा बाळ येशूला काढायला आले. खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावलो, तर ते रिकाम्या फळीकडे बघत उभे होते.

"वरच्या फळीवर ठेवला होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ठेवला होता ना?"

"वरच्या फळीवर रिकामी खोकी होती, मामा. सहा." मी यादी दाखवली. टंकलिखित होती, खाली तारीख आणि सही.

मामा आयुष्यात माझ्या कुठल्याही शब्दावर विसंबले नव्हते. पण कागदावर त्यांचा विश्वास. त्यांनी यादी दोनदा वाचली, आणि मला दिसलं की दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

तीनपर्यंत आम्ही सगळं पालथं घातलं. बाकांच्या खाली, वाद्यपेटीच्या मागे, पाळकांच्या कपाटात. मी तर देणगीपेटीतही बघितलं. फटीतून बाळ येशू जाणं शक्य नाही हे पाळकांनी शांतपणे लक्षात आणून दिलं. तेवढ्यात सासूबाई आणि बायको आल्या. बायकोच्या खांद्यावर बारकी, आणि बारकी ठणाणा रडत होती.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळ येशू हरवलाय," मी म्हणालो.

"कुणी हरवला?"

"मी," मामा म्हणाले. ते पहिल्या बाकावर बसले होते. "गेल्या वर्षी बांधायला तीन दिवस लागले मला. पूर्वी एका दुपारचं काम. कुठं ठेवला ते आठवत नाही. पाळकसाहेब, ह्या घ्या." त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला. हातात खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्यांनी पाळकांच्या पुढे धरला.

किल्ल्या वाजत होत्या.

मामा त्या वाजवत नव्हते. त्यांचा हात थरथरत होता, मनगटापासून, बारीक आणि सतत. रिकामं उपासनामंदिर आमचं, उंच छताचं. त्यात तेवढाच आवाज. पाळकांनी पटकन जुडगा हातात घेतला, तरी हात थांबला नाही. मामांनी तो परत खिशात घालायला सुरुवात केली आणि मग सोडून दिलं.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं. आवाजात राग होता, तो वेगळ्याच कशाचा तरी होता.

"दोन वर्षं होतील."

"म्हणून कप विसळायचे बंद केलेत. मी म्हटलं, सुधारले."

माझे दोन्ही निष्कर्ष त्या क्षणी कामातून गेले. नातू हवा होता म्हणे. माझ्यावर गेली म्हणे. मी शरमेनं जमिनीकडे बघितलं आणि, खरं सांगायचं तर, थोडासा सुटकेचा श्वासही सोडला.

"उद्या गव्हाणी रिकामी राहणार," मामा म्हणाले. "बावीस वर्षांत झालं नाही ते. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. आणि तू," हे मुलीला, "तू मला रोज म्हणतेस, बाबा, घ्या, बाबा, घ्या. ज्याच्या हातून हे हरवतं, त्याच्या हातात पोर देतेस? माझ्या हातून पडली तर काय करू मी? कुठून आणून देऊ?"

 हा खरं तर पाळकांचा विषय, पण ते हातातल्या किल्ल्या मोजत होते. बारकी मात्र रडत होती.

बायको पुढे झाली. तिनं विचारलं नाही. खांद्यावरून बारकीला काढलं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं, ठेवून हात काढून घेतले. मामांनी धरलं नसतं तर बारकी घरंगळली असती, म्हणून त्यांना धरावं लागलं.

"अगं, हात थरथरतोय!"

"थरथरू द्या. सकाळपासून झोपत नाहीये ती."

"पडेल!"

"बसलाय तुम्ही बाकावर. किती पडेल? आणि परत काही द्यायचं नाहीये तुम्हाला. छत्री नको, दिवा नको. गप धरून बसा."

मामांनी बारकीला असं धरलं की मला वखार आठवली. कोपर खाली, तळवा मानेखाली, दुसरा हात वरून. पेंढा नव्हता, तेव्हा त्यांनी कोटाची बाजू ओढून तिच्याभोवती घेतली. उजवा हात तसाच थरथरत होता, तिच्या पाठीखाली. बारकीनं एक हुंदका दिला, दुसरा अर्धवट दिला, आणि गप्प झाली.

दोन मिनिटं गेली असतील. मामांचा चेहरा एकदम घाबरला.

"आवाज का नाही हिचा? हलत पण नाहीये."

"झोपली, बाबा."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी बारकीला जरा वर उचललं, कान तिच्या छातीशी नेला आणि डोळे मिटले.  बराच वेळ त्यांनी ऐकलं.

"आहे," ते म्हणाले. "आवाज नाही, पण आहे."

मग डोळे उघडले. मान तशीच तिरकी, कान तिथेच, पण डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

"जावईबापू."

"काय, मामा?"

"ती सहा खोकी रिकामी आहेत हे कसं कळलं तुम्हाला?"

"हलवून बघितली."

"आणि?"

"आवाज आला नाही."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"एकतीस वर्षं," मामा हळू आवाजात म्हणाले, कारण मांडीवर बारकी होती, "मला पगार कशाचा मिळत होता असं वाटतं तुम्हाला?"

मी यादीकडे बघितलं. रिकामी खोकी, नग सहा. खाली माझी सही होती, तीही ठसठशीत.

"सुतळी बांधलेलं होतं का एखादं?"

"होतं."

"रिकाम्या खोक्याला कोण गाठ मारतं?"

"मला वाटलं... तुमची टापटीप..."

"कुठं आहे ते?"

मी डोंगराकडे बोट दाखवलं. बायको हसायला लागली आणि बारकी जागी होईल म्हणून तोंडावर पदर दाबून हसत राहिली. पाळक स्वतः पुढे झाले. मेंढपाळ खाली उतरवले, मेंढरं खाली उतरवली, गोणपाट काढलं. माझा डोंगर उपसून झाला तेव्हा अगदी तळाशी, सगळ्यांचं ओझं अंगावर घेऊन, ते खोकं होतं. गाठ शाबूत.

मी ते उचलून मामांच्या समोर नेऊन ठेवलं आणि बाजूला झालो.

"सोडा," मामा म्हणाले.

"मी?"

"मग? माझे हात मोकळे आहेत का?"

बायकोनं बारकीला घ्यायला हात पुढे केले. मामांनी नुसती मान हलवली. तिनं हात मागे घेतले.

मी खाली बसलो. ती गाठ सोडवायला मला पंचवीस मिनिटं लागली. मध्ये एकदा मी सुरी मागितली, तर मामा म्हणाले, "कापायची नाही. डावं टोक आधी. डावं, जावईबापू. जेवताना ज्या हातानं खात नाही तो." सासूबाई म्हणाल्या, "नोटीस पाठवा तिला, सुटेल." शेवटी सुटली. फळी काढली. आत पेंढा, इतका दाबून बसवलेला की एक काडी हलत नव्हती.

"ओढू नका. बाजूला करत जा. बोटांनी."

हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि ओढलं. बावीस वर्षांची परंपरा वाचवण्याची मला घाई झाली होती.

टक् असा आवाज आला. मामांच्या खोक्यातून आलेला हा पहिला आवाज असावा.

पेंढ्याच्या गोळ्याबरोबर माझ्या हातात तांदळाच्या दाण्याएवढी एक करंगळी आली. आत बाळ येशू होता. हात पसरलेले, डोळे उघडे, आणि डाव्या हाताला चार बोटं.

मी करंगळी तळहातावर घेऊन मामांपुढे धरली.  गौरवपत्रातली ओळ डोळ्यांपुढे आली, आणि एकतीस अधिक बावीस किती होतात ते मी उगाच मोजायला लागलो.

मामांनी करंगळीकडे बघितलं. मग खोक्यात बघितलं.

"डावी ना?"

"हो."

"बाकी?"

"बाकी ठीक आहे. मामा, मी..."

"असू दे," मामा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सासूबाईंनीही नसावा, कारण त्या खाली बसल्या.

पाळकांनी बाळ येशूला उचलून बाहेर काढलं. मामा बघत होते. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही एकदा झाकणाबद्दल काहीतरी म्हणाला होतात."

"हो, म्हणालो होतो. आठवतंय तुम्हाला?"

"हळू बोला. झोपलीय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेला गव्हाणीत बाळ येशू होता. करंगळी पाळकांनी डिंकानं चिकटवली होती. जरा वाकडी बसली आहे, त्यामुळे तो कुणाला तरी बोलावतोय असं वाटतं. गौरवपत्र मी सकाळी दुरुस्त करून घेतलं : 'एकही नग फुटलेला नाही' याच्यापुढे 'अपवाद एक, तो चिटणिसाच्या हातून' असं जोडलं. वाचताना मंडळी मोठ्यानं हसली. सत्कारमूर्तीला पुढे यायला सांगितलं, तर मामा उठलेच नाहीत. मांडीवर बारकी होती. मग पाळकच खाली उतरून गेले आणि कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवून आले. अर्ध्या तासात बारकीनं त्यावर दूध काढलं. 'सबब'च्या पुढचं आता वाचता येत नाही.

उपासनेनंतर आम्ही मामांना लोकरीची कानटोपी दिली. त्यांनी ती तिथंच घातली. सुतळीचा तुकडा आत गेला.

संध्याकाळी बरोबर सहा वाजता दाराची कडी वाजली. मी बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. आली परतफेड, मी म्हटलं. एवढं सगळं होऊनही आलीच. उठून दार उघडलं.

मामा रिकाम्या हातानं आले होते.